शहाण्णव खळगे

गुल्वेन डबी खिडकीत ठेवतो आणि दोन पावलं मागे सरतो,
जणू स्वतःचीच एखादी चूक कागदात बांधून आणली आहे.
डबीवर पेन्सिलीनं : मादी ४१२७. पहिलटकरीण.
पिल्लं बारा, पाच दिवसांची.
मग बारावर काट मारून, दहा.

ब्रतान्यच्या या भागात माणसांपेक्षा डुकरं जास्त.
तरी माझी आई प्लुगास्तेलहून फोनवर विचारते,
नोल्वेन, अजून तेच घाणीचं काम?
घाण नव्हे ग, जबानी आहे ती.
बोलता न येणाऱ्याची.

डुकरिणीची वार कंजूष.
तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस
पिल्लं तिच्या रक्ताला पाठ लावून असतात
आणि एक प्रतिपिंड पलीकडे जात नाही.
कोरी जन्मतात.
आईला जे आठवतं ते चिकात उतरतं,
आणि चिकाला मुदत एका दिवसाची.
मग आतडं दार लावून घेतं.
पुढचं दूध ओसरीवर पहारा देतं फक्त,
माजघरात त्याला मज्जाव.

पहिलटकरणीला आठवणार तरी काय?

पाटीला शहाण्णव खळगे.
प्रत्येकाच्या तळाशी चिकटून बसलेले प्रतिपिंड
एका उंदराचे आहेत.
तो गेला तेव्हा मी शाळेत होते.
त्याच्या प्लीहेतली एक पेशी अजून बाटलीत वाढते,
मरायचं विसरून,
आणि जगात एकच चेहरा ओळखते.

मल पातळ करून सोडते.
प्रतिजन असला तर अडकेल,
नसला तर पाण्याबरोबर जाईल.
धुते. पुन्हा धुते. पाचदा.
मग रंगाचं पाणी, मग अंधारात दहा मिनिटं,
ज्यात मी सफरचंद खाते
आणि कुणाला सांगत नाही.

वरच्या ओळीतला ओळखीचा खळगा निळाभोर.
गुल्वेनचा खळगा स्वच्छ.
पावसानंतरच्या दगडी कुंडीसारखा, वैतागवाणा स्वच्छ.

"म्हणजे काही नाही?"
म्हणजे या उंदराच्या ओळखीचं कुणी आलं नाही.
चाकासारखा दिसतो तो विषाणू, आरे असलेल्या चाकासारखा.
पण चाकं अनेक गाड्यांची असतात, गुल्वेन.
ही पाटी अ गटाचं नाव घेऊन हाक मारते.
क गटाचा असेल तर तो ओ कशाला देईल?

तो खिडकीच्या चौकटीवरचा रंग नखानं खरवडत राहतो.
मग म्हणतो, माझा बाप
आजारी पिल्लांची हगवण बादलीत कालवून
गाभण्या माद्यांना घालायचा.
व्यायच्या तीन आठवडे आधी.
मला मळमळायचं.
नवा गोठा बांधला, फरशी बसवली, बादली फेकली.
दोन वर्षं झाली.

जोबिगला प्रतिपिंड हा शब्द ठाऊक नव्हता.
तो नुसता माद्यांना आठवण भरवत होता.
हे मी गुल्वेनला सांगत नाही.
त्या बादलीतून आणखी काय काय पसरत असेल
तेही मला माहीत आहे,
आणि तेही सांगत नाही.

मादीचं रक्तही आण, एवढंच म्हणते.
रक्तात प्रतिपिंड सापडले
तर कुणीतरी येऊन गेलं, इतकंच कळेल, कधी ते नाही.
मलात प्रतिजन सापडला तर तो अजून बसलेला आहे,
चप्पल दारात काढून.

क गटाची पाटी रेनहून येते, गुरुवारी.
चौथ्या मिनिटाला खळगा निळा होऊ लागतो,
आधी कडेनं, मग चोरपावलांनी मधे.
आम्ल टाकल्यावर निळ्याचा पिवळा होतो.
यंत्र आकडा देतं. मी तो दोनदा वाचते.

फोनवर मागे डुकरांचा कालवा.
किती उरली? मी विचारते.
सात, तो म्हणतो.
आणि मग, एवढ्या वेळात प्रथमच जरा मोठ्यानं,
नाव कळलं ना पण?
कळलं, मी म्हणते.

पलीकडे नळ सोडल्याचा आवाज येतो,
आणि रिकाम्या बादलीत पाणी पडल्याचा.